घरी जोडलेला पीसी गेममध्ये मध्येच का अडखळतो?

(शिरूर आणि दौंड इथे दिलेल्या दोन व्याख्यानांचं एकत्र शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न.)



आज ज्या तक्रारीबद्दल बोलायचं आहे, ती मला जवळजवळ प्रत्येकाकडून एकाच वाक्यात ऐकायला मिळते : "सर, पीसी फास्ट आहे, पण मध्येच काहीतरी होतं." हे 'काहीतरी' म्हणजे काय, एवढंच आज बघायचं. गेम मुळातच हळू चालत असेल तर प्रश्न सोपा असतो. मशीनची ताकद कमी पडते. सेटिंग उतरवा, नाहीतर पैसे घाला. पण काल शंभर एफपीएस देणारं मशीन आज संध्याकाळी चाळीसवर येतं, परत शंभरवर जातं, आणि दुकानात नेलं की गुणी बाळासारखं चालतं. तिथे माणसाला वेड लागायची पाळी येते.

इथे बसलेल्या बऱ्याच मुलांनी पीसी स्वतः जोडलाय. कोणी पुण्याहून एकेक भाग आणून, कोणी ऑनलाइन मागवून, व्हिडिओ बघत बघत. पैसे कुठून आले ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कांद्याची पट्टी झाली, दुधाचा पगार झाला, नाहीतर रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीतला बोनस आला, त्यातून साठ-सत्तर हजार बाजूला काढलेले असतात. गेम अडखळायला लागला की पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो, कारण ते सगळ्यात महाग असतं आणि यूट्यूबवर सगळे त्याच्याबद्दलच बोलतात. मग आणखी पंचवीस-तीस हजार. कार्ड बदलतं, अडखळणं तसंच राहतं. त्यानंतर वडील जो प्रश्न विचारतात त्याला मुलाकडे उत्तर नसतं, आणि पुढच्या वेळी घरात 'कॉम्प्युटर' हा शब्द काढायची सोय राहत नाही. म्हणून रुपया खर्च करायच्या आधी कारण ओळखायचं.

सरासरीचा घोळ

एफपीएस म्हणजे एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं आली. ६० एफपीएस म्हणजे सरासरी दर १६.७ मिलिसेकंदांना एक चित्र. १४४ हर्ट्झचा मॉनिटर पुरेपूर वापरायचा तर ६.९ मिलिसेकंदांना एक.

आता यातला 'सरासरी' हा शब्द बघा. समजा स्टँडवरून तासाला सहा एसट्या सुटतात. कागदावर दर दहा मिनिटांना एक. प्रत्यक्षात पाच गाड्या एकामागोमाग निघून गेल्या आणि सहावी पन्नास मिनिटांनी आली. हिशेब बरोबर आहे, तासाला सहाच. पण फलाटावर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचारा सेवा कशी आहे ते!

गेममध्ये नेमकं हेच होतं. एका सेकंदात ५९ चित्रं पटापट, म्हणजे साधारण १३.५ मिलिसेकंदांना एक अशी आली आणि एक चित्र २०० मिलिसेकंद अडकलं, तरी काउंटर ६० च दाखवणार. डोळ्याला मात्र झटका बसला, आणि समोरच्याने तेवढ्यात गोळी घातली. २०११ मध्ये स्कॉट वॉसन या परीक्षकाने 'टेक रिपोर्ट' या संकेतस्थळावर हा मुद्दा लावून धरला, की सेकंदाच्या आत काय चाललंय ते मोजा. तेव्हापासून 'फ्रेम टाइम' आणि '१ टक्का लो' हे शब्द रुळले. १ टक्का लो म्हणजे ढोबळमानाने सगळ्यात रेंगाळलेल्या एक टक्का चित्रांचा वेग. सरासरी ११० आणि १ टक्का लो ८५ असेल तर मशीन गुणाचं आहे. सरासरी ११० आणि लो ३० असेल तर तुमची तक्रार खरी आहे, भ्रम नाही.

मोजायची साधनं फुकट आहेत. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारं रिव्हाट्यूनर घ्या. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. त्यात फ्रेम टाइमचा आलेख पडद्यावर लावता येतो. नोंद साठवायची असेल तर कॅपफ्रेमएक्स. तापमानासाठी एचडब्ल्यूइन्फो. मात्र तिन्ही एकदम लावून, वर कीबोर्डच्या रंगीत दिव्यांचं सॉफ्टवेअर चालू ठेवून मोजू नका. ही साधनं दर सेकंदाला मदरबोर्डच्या सेन्सरना विचारणा करतात आणि कधीकधी त्या विचारणेनेच झटका बसतो. थर्मामीटरमुळे ताप आल्यासारखं होतं ते.

किती यापेक्षा कधी

आता एक शाळेची वही घ्या. मी हे गमतीने सांगत नाही. अडखळलं की चार गोष्टी लिहा : किती वाजले, गेम सुरू होऊन किती मिनिटं झाली, झटका ठराविक अंतराने येतो की कसाही, आणि त्या वेळी आवाजही तुटतो का. शेजारी प्रोसेसरचं आणि कार्डाचं तापमान, त्यांचा क्लॉक किती मेगाहर्ट्झ होता आणि कार्डाचा वापर किती टक्के होता, हे आकडे टाका.

तीन-चार दिवसांत वही बोलायला लागते, कारण प्रत्येक दोषाची यायची वेळ वेगळी असते. पहिली पंधरा मिनिटं छान आणि मग घसरण, तर उष्णता. नव्या जागी गेल्यावर पहिल्यांदाच झटका, दुसऱ्यांदा त्याच जागी नाही, तर गेमची स्वतःची तयारी चालू आहे. कधीही, क्षणभर, आवाजासकट सगळंच थिजलं, तर ड्रायव्हर किंवा बायोसकडे बघायचं. आलेख सपाट आहे पण शत्रू इकडून तिकडे उडी मारतो, तर पीसी निर्दोष आहे, नेट बघा.

आणि एका वेळी एकच बदल करा. आपल्याकडे अंगाराही लावतात आणि गोळीही घेतात, मग गुण कशाने आला ते कळत नाही. ड्रायव्हर बदलला, रॅम काढून लावली, विंडोज नव्याने टाकली, सगळं एकाच रविवारी. सोमवारी बरं वाटलं, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. काय शिकलो? काही नाही.

उष्णता

आपल्या भागात मी सगळ्यात आधी इथेच बघतो. यूट्यूबवरचे बरेचसे परीक्षक पीसी तपासतात ती खोली वातानुकूलित असते, वीस-बावीस अंशांची. कूलरचा पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोघांमधलं अंतर आटोक्यात ठेवतो. डिसेंबरात खोली २२ अंश असताना प्रोसेसर ७८ ला असेल, तर एप्रिलात पत्र्याखालच्या ३८ अंशांच्या खोलीत तोच प्रोसेसर त्याच गेममध्ये ९४ च्या आसपास जाणार. साधी बेरीज आहे. रायझन ५००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९० ते ९५ अंशांची, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची १०० अंशांची. मर्यादा गाठली की प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःचा वेग उतरवतो, थंड झाला की चढवतो, परत तापतो, परत उतरवतो. ग्राफिक्स कार्ड तर मर्यादेच्या बरंच आधीपासून पायरी-पायरीने वेग कमी करत येतं. म्हणून दिवाळीत जोडलेला पीसी शिमग्याला बोंब मारतो. त्यात बिघाड काही झालेला नसतो.

त्यात धूळ. उसाचा हंगाम चालू असताना रस्त्याकडेच्या घरात ट्रॅक्टरची धूळ, पाचट पेटवलं की उडणारी काळी काजळी, बाजरी-ज्वारीची रास असली की बारीक कोंडा. हे सगळं पंख्याने आत ओढलं जातं आणि कूलरच्या पत्र्यांमध्ये गोधडीसारखं बसतं. वर्षातून एकदा साफसफाई हा शहरातला सल्ला झाला. वस्तीवर दोन-तीन महिन्यांनी झाकण उघडा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं, आणि फिरता पंखा उलटी वीजही तयार करतो.

तपासणी अगदी सोपी आहे. अर्धा तास खेळा, आकडे लिहा. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तसंच अर्धा तास खेळा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर दोष हवेच्या वाटेचा आहे : पुढे काच लावलेलं कॅबिनेट, भिंतीला चिकटवलेलं टेबल, उलट दिशेला बसवलेला पंखा. काहीच उतरलं नाही तर कूलर नीट बसलेला नाही, किंवा पेस्ट वाळली आहे. इंटेलबरोबर येणाऱ्या कूलरच्या चार खुंट्यांपैकी एक अर्धवट बसणं फार सामान्य आहे. आणि कूलरच्या तळाची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी न काढता तो बसवलेला मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलाय.

शिरूरहून न्हावऱ्याकडे जाताना एक वस्ती लागते. तिथल्या एका मुलाच्या वहीत मजेशीर गोष्ट दिसली. एक आठवडा रात्रीचा गेम लोण्यासारखा आणि पुढचा आठवडा रात्री दहानंतर बोंब. परत एक आठवडा ठीक. त्याला वाटलं विंडोजचं अपडेट. मी त्याला म्हटलं, शेतीची लाइट कधी असते ते त्याच पानावर लिही. लिहिल्यावर उलगडा झाला. थ्री फेजची पाळी रात्रीची असली की आसपासच्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात, डीपीवर लोड येतो आणि वस्तीवरच्या घरात व्होल्टेज पडतं.

इथे बरेच जण लगेच म्हणतात, हां, लाइट कमी म्हणून पीसी हळू. तसं होत नाही. एसएमपीएसचं कामच ते आहे. भिंतीतून २३० येवो की १९०, तो आत १२ व्होल्ट देतो, आणि एटीएक्सच्या नियमाप्रमाणे त्यात ५ टक्के फरक चालतो, म्हणजे ११.४ ते १२.६. हे जमेनासं झालं तर तो पीसी बंद करतो. एफपीएस थोडे थोडे कमी करून देणं त्याच्या हातात नाही. या मुलाचा एसएमपीएस चांगला होता, त्याने तक्रार केली नाही. पण त्याने उन्हाळ्यावर उपाय म्हणून कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावला होता, आणि टेबल फॅनची मोटार व्होल्टेज पडलं की मंदावते. वरचा पंखाही मंदावलेला. प्रोसेसर आधीच नव्वदीच्या काठावर, चार-पाच अंश चढले की मर्यादा गाठलीच. विहिरीवरच्या मोटारीपासून गेमच्या झटक्यापर्यंत अशी ही साखळी! नवं कार्ड घ्यायचं घरात ठरलं होतं. काम झालं ते दोन हजारांच्या आतल्या टॉवर कूलरवर आणि पेस्टच्या एका ट्यूबवर.

मग विजेचा खरा त्रास कसा दिसतो? मोठी लढाई सुरू झाली, कार्डाने एकदम जास्त वीज मागितली आणि पीसी पटकन बंद किंवा रीस्टार्ट झाला, तर एसएमपीएस, वायर किंवा यूपीएसवर संशय घ्या. लाइट गेल्यावर यूपीएस ती पेलतो का, हा दुसरा मुद्दा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे बहुधा ३६० वॉटचा. इंटरनेट बघताना पीसी शंभरच्या आसपास घेतो, त्यामुळे यूपीएस झकास सांभाळतो. गेममध्ये तोच पीसी मॉनिटरसकट साडेतीनशे-चारशेला जातो, आणि यूपीएस शिट्टी मारून बसतो. वीज तुटल्यावर एसएमपीएस आपल्या आतल्या साठ्यावर १६-१७ मिलिसेकंद तग धरेल अशी अपेक्षा असते. ६० एफपीएसची एक फ्रेम! योगायोग आहे, पण लक्षात राहतो. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी लावणार असाल तर तो साइन वेव्हचा हवा आणि बदल तेवढ्या वेळात करणारा हवा. स्क्वेअर वेव्हवर काही चांगले एसएमपीएस बंद पडतात किंवा गुणगुणतात.

गव्हाण रिकामी आहे का?

उष्णता ठीक आहे, तरी अडखळतं. आता कार्ड दोषी की प्रोसेसर, हे ठरवायचं. दौंड तालुक्यात हे समजवायला मला सोपं जातं. साखर कारखाना डोळ्यासमोर आणा. तोडणी, वाहतूक, गाड्यांची रांग हे सगळं प्रोसेसर आणि रॅमचं काम. रस काढणारी मिल म्हणजे ग्राफिक्स कार्ड. गव्हाणीत ऊस सतत पडत असेल तर मिल पूर्ण ताकदीने चालते. गाड्या आल्या नाहीत तर मिल कितीही मोठी असो, रिकामी फिरते. गाड्या येत नाहीत म्हणून कोणी मिल बदलत नाही. पीसीत मात्र आपण बदलतो.

कार्डाचा वापर सतत ९७-९९ टक्के असेल तर मिल भरलेली आहे. इथे कार्डच मर्यादा आहे. झटका बसताना तो वापर ५०-६० वर कोसळत असेल तर गव्हाण रिकामी पडतेय. खात्रीसाठी गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस वाढले तर कार्डावर भार होता. वाढलेच नाहीत तर नवं कार्ड आणूनही वाढणार नाहीत. हा पाच मिनिटांचा प्रयोग आहे आणि तो न करता कार्ड घेणारी मुलं मला दर महिन्याला भेटतात.

गव्हाण रिकामी पडायचं स्वस्तातलं कारण म्हणजे रॅम. "पुढे वाढवता येईल" म्हणून १६ जीबीची एकच पट्टी घेतलेली असते. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट वाहून नेते; दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या तर ५१.२. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी वापरायची, पुस्तिकेत खात्री करा. शेजारीशेजारी लावल्या तर पैसे दोन पट्ट्यांचे आणि रस्ता एकच. कार्ड न घेता रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना तर हा फरक साध्या डोळ्यांनी दिसतो, कारण तिथे चित्रासाठीही तीच रॅम वापरली जाते.

दुसरं, ३२०० लिहिलेली रॅम आपोआप ३२०० वर चालत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी, किंवा डीडीआर५ च्या काही पट्ट्यांसाठी एक्सपो, चालू करावं लागतं. नाही केलं तर ती २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालत राहते आणि कोणी काही सांगत नाही. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मेमरी, तिथे वेग लिहिलेला असतो. चालू केल्यावर एक रात्र मेमटेस्ट८६ लावा. चुका आल्या तर वेग एक पायरी उतरवा.

जिथे दोष जोडणाऱ्याचा नसतो

काही झटके गेमचे स्वतःचे असतात. नव्या गेममध्ये प्रत्येक प्रकारच्या प्रकाशासाठी, पाण्यासाठी, धुरासाठी छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना शेडर म्हणतात. ते तुमच्या कार्डासाठी तुमच्याच मशीनवर तयार करावे लागतात. खेळताखेळता तयार झाले की पहिल्या स्फोटाला झटका, दुसऱ्याला नाही. म्हणून सुरुवातीला 'शेडर तयार होत आहेत' अशी पट्टी आली तर ती पूर्ण होऊ द्या. ड्रायव्हर बदलला की हे काम बहुधा पुन्हा होतं, त्यामुळे नव्या ड्रायव्हरवर पहिल्या फेरीत निकाल देऊ नका.

जुन्या हार्ड डिस्कवर टाकलेला मोठ्या नकाशाचा गेम गाडी पळवताना अडखळतो, चालताना नाही. नकाशा येईपर्यंत तुम्ही पुढे गेलेले असता. एसएसडी काठोकाठ भरली तर तीही रेंगाळते. थोडी जागा मोकळी सोडा.

कार्डाची मेमरी हा वेगळा प्रकार. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी घ्या. मेमरी ४ जीबी, आणि बोर्डाशी जोडणारे मार्ग फक्त चार. पीसीआयई ४.० वर ते कसंबसं भागतं. पण ५६००जी हा प्रोसेसर किंवा बी४५० बोर्ड पीसीआयई ३.० वरच चालतो, म्हणजे त्या चार मार्गांचा वेगही निम्मा. गेमला ४ जीबीपेक्षा जास्त लागलं की उरलेलं सामान रॅममध्ये जातं आणि त्या अरुंद रस्त्यावरून ये-जा करतं. सरासरी चांगली, मध्येच दणका. उपाय फुकट : टेक्स्चरचं सेटिंग एक पायरी खाली. बाकीचं 'हाय' राहू द्या.

आणि कधी दोष थेट बनवणाऱ्याचा असतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं म्हणून २०२१ नंतर अनेकांनी रायझन मशीनवर बायोसमध्ये एफटीपीएम चालू केलं. मग काही मशीन अधूनमधून क्षणभर थिजायला लागली. लोकांनी रॅम बदलल्या, कार्डं बदलली. मार्च २०२२ मध्ये एएमडीने स्वतः मान्य केलं की एफटीपीएम मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी जास्त वेळ बोलत बसतं आणि त्यामुळे हे होतं; मे २०२२ पासून सुधारित बायोस यायला लागले. तुमचा बोर्ड त्या काळातला असेल आणि बायोस कधीच बदललेला नसेल, तर लाइट जाणार नाही अशी वेळ बघून, यूपीएसवर, तो बदला. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड उठायचा नाही.

नेटचं थोडक्यात. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, त्यामुळे आपल्याला पिंग मुळात कमी असायला हवा. तो २० वरून २०० वर उड्या मारत असेल तर आधी वाय-फाय सोडून लॅनची वायर राउटरला लावून बघा. वायरवर ठीक झालं तर भिंतीचा प्रश्न. नाही झालं तर तुमच्या नेटवाल्याला फोन. यात कुठेही पीसी उघडायची गरज नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. त्याचा गेमशी संबंध आहे का?

गेमशी थेट नाही, पण दुर्लक्ष करू नका. एसएमपीएसच्या तोंडाशी जे फिल्टर असतं, त्यात फेजकडून आणि न्यूट्रलकडून बॉडीकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर साधारण निम्मा व्होल्टेज, म्हणजे शंभरच्या वर, दिसतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण चालू पीसीला एचडीएमआय लावताना त्याने पोर्ट जाऊ शकतो. वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा आणि वायर तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टर लावू नका, आणि न्यूट्रलची वायर अर्थला जोडून देतो असं कोणी म्हणालं तर त्याला करू देऊ नका. ते जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : मॉनिटर १४४ हर्ट्झचा घेतला, फरकच जाणवत नाही.

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच असण्याची शक्यता फार मोठी आहे. तिथे जाऊन बदला. त्याच वेळी केबल कार्डाला लावली आहे का तेही बघा. मदरबोर्डच्या भोकात लावलेली असेल तर महागडं कार्ड असून नसल्यासारखं. आणि मशीन सारखं १४० ते ७० असं वरखाली होत असेल तर गेममध्ये ९० ची मर्यादा घाला. स्थिर ९० हाताला जास्त चांगले लागतात. मॉनिटरला फ्रीसिंक असेल तर ते चालू करा.

प्रश्न (एका पालकांचा) : मुलगा म्हणतो पस्तीस हजारांचं कार्ड लागेल. द्यायचे का?

त्याला दोन पानं मागा. एकावर, अडखळताना कार्डाचा वापर किती टक्के आणि तापमान किती. दुसऱ्यावर, ७२० रिझोल्यूशनला एफपीएस किती वाढले. वापर सतत ९८ च्या आसपास, तापमान ठीक, आणि ७२० ला चांगली वाढ, असं असेल तर मुलाचं म्हणणं खरं आहे. मग एसएमपीएस नवं कार्ड पेलेल का तेवढं विचारा, नाहीतर पस्तीसचे एक्केचाळीस होतात. वाढ नसेल तर आधी रॅम बघा.

प्रश्न : पाण्याचा कूलर खोलीत लावला तर पीसीला चालतो का?

चालतो, आणि उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असल्याने खोली चांगली पाच-सात अंशांनी उतरते. फक्त त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर सोडू नका. झोताबरोबर बारीक तुषार येतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर पांढरे बसतात. कूलर खिडकीत, कॅबिनेट झोताच्या आड बाजूला, आणि समोरचं दार थोडं उघडं ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर जाते. पावसाळा लागला की तो बंद करा. तेव्हा त्याचा उपयोगही होत नाही.